पिल्लाचे दात, मुलांचे हात

परीक्षा आटोपल्या की दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत दवाखान्यात एक ठरावीक प्रकारची जखम दिसू लागते. मनगटावर किंवा पोटरीवर सुईने ओढल्यासारख्या दोन-तीन रेघा, कधी बोटाच्या पेरावर टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका. मूल आलेले असते ताप किंवा खोकल्यासाठी. रेघा दिसतात त्या नाडी पाहताना. चौकशी केली की मूल आईकडे पाहते आणि आई हसून सांगते, "काही नाही हो डॉक्टर, नवीन पिल्लू आणलंय ना, त्याच्याशी खेळताना लागलंय." सुट्टीत मुलांनी हट्ट धरलेला असतो, मार्कांच्या बदल्यात वडिलांनी शब्द दिलेला असतो, आणि एके संध्याकाळी खोक्यातून ते गोजिरवाणे जनावर घरात आलेले असते.

मी माणसांचा डॉक्टर. पिल्लाची प्रकृती पाहणे हे पशुवैद्याचे काम आहे, त्यात मी लुडबुड करीत नाही. परंतु पिल्लू घरी आल्यापासून त्याची रेबीजची लस परिणामकारक होईपर्यंत साधारणतः दोन महिने जातात, आणि नेमक्या याच दोन महिन्यांत ते घरातील प्रत्येकाला सर्वाधिक चावत असते. शिवाय या काळात त्याला जे वळण लागते, त्यावरून ते पुढे तिसऱ्या-चौथ्या वर्षी पाहुण्यांच्या मुलाला चावेल की नाही, हे बरेचसे ठरते. म्हणून पिल्लाचे शिक्षण हा विषय कुटुंबाच्या आरोग्याच्या सदरात बसतो, असे मी मानतो.

प्रथम वयाविषयी. "अगदी लहान असतानाच आणलं म्हणजे लळा लागतो" ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे, आणि ती चुकीची आहे. आईजवळ आणि भावंडांत पिल्लू किमान आठ आठवडे राहिले पाहिजे. श्वानांच्या पैदाशीसंबंधी 2017 साली झालेल्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तरीही तीस-पस्तीस दिवसांची पिल्ले सर्रास दिली-घेतली जातात. हे आठ आठवडे केवळ दुधासाठी नसतात. भावंडांशी दंगा करताना एखाद्याने जोरात चावा घेतला की दुसरे किंचाळते आणि खेळ थांबतो. आईला दात लागले की ती उठून निघून जाते. आपला जबडा किती मिटावा, हे पिल्लू या शाळेत शिकते. ही शाळा अर्धवट सोडून आलेल्या पिल्लाला तोच धडा मग आपल्या मुलांच्या हातांवर गिरवावा लागतो.

कोणत्या जातीचे पिल्लू आणावे, हा प्रश्न मला विचारू नये, कारण माझे उत्तर पुष्कळांना रुचत नाही. बर्फाळ प्रदेशासाठी घडलेला हस्की विदर्भातील उन्हाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ठेवणे हे मला पटत नाही. मराठवाड्यातील कारवानी कुत्रा देखणा खरा, पण त्याला धावायला रान लागते. इमारतीच्या आवारात जन्मलेले गावठी पिल्लू आपल्या हवेला सरावलेले असते आणि शिकण्यात कोणाला हार जात नाही. असो.

पिल्लू आणल्यावर एक-दोन दिवसांतच ते पशुवैद्याला दाखवावे. पहिल्या लशी सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू होतात आणि तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दिल्या जातात. इतक्या वेळा का, असे विचारले जाते. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाचे रक्षण करते, पण तीच लशीलाही निष्प्रभ करते. ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. मधली फट उघडी राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा लस द्यावी लागते. पार्व्हो या विषाणूने होणाऱ्या रक्तमिश्रित जुलाबांनी असंख्य पिल्ले दगावतात. 1978 च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकून राहतो. म्हणून लशी पूर्ण होईपर्यंत जिथे इतर कुत्री फिरतात, अशा जमिनीवर पिल्लाला सोडू नये. याच लशींबरोबर लेप्टोस्पायरोसिसची लसही दिली जाते. हा आजार कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो, आणि पावसाळ्यात तो आपल्याकडे किती त्रास देतो हे मुंबई-कोकणातील वाचकांना सांगायला नको.

रेबीजची लस मात्र पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर दिली जाते, आणि पहिल्या डोसानंतर पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला आणखी सुमारे चार आठवडे धरावे लागतात. म्हणजे आठ आठवड्यांचे आणलेले पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत रेबीजपासून सुरक्षित नसते. "पण ते घराबाहेर गेलंच नाही, त्याला रेबीज कुठून होणार?" हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. उत्तर असे की, ते आपल्या घरी येण्यापूर्वी कोठे होते? जिन्याखाली, गॅरेजच्या कोपऱ्यात, रस्त्याकडेच्या पाइपात जन्मलेल्या पिल्लाला एखादे पिसाळलेले कुत्रे चावून गेले असेल, तर ते कोणी पाहिलेले असते? विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही आठवडे, कधी काही महिनेही जातात. तोवर पिल्लू खाते, खेळते, शेपटी हलवते. आजार उमटला तरी तो प्रत्येक वेळी चित्रपटातल्यासारखा उग्र नसतो. पिल्लू सुस्त होते, कोपऱ्यात जाऊन पडते, घशाचे स्नायू लुळे पडल्याने गिळू शकत नाही, लाळ गळते. घरातील माणसांना वाटते की घशात हाड अडकले, आणि ती हाताने तोंड उघडून पाहतात.

येथे घाबरवण्याचा हेतू नाही. आपल्या घरातल्या पिल्लाला रेबीज नसण्याचीच शक्यता अधिक आहे. परंतु रेबीजची लक्षणे माणसात एकदा सुरू झाली की तो आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो आणि त्यावर आजही उपाय नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र तो जवळजवळ निश्चितपणे टाळते. एवढ्या विषम तराजूत "आपलंच पिल्लू आहे" हे वजन टाकून चालत नाही.

तेव्हा काय करावे? पिल्लाचा दात किंवा नख लागून त्वचा खरवडली गेली, तर ती जागा नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे हा फार मोठा वेळ असतो; घड्याळ लावून पाहा. विषाणूचे बरेचसे बळ या धुण्यानेच नाहीसे होते. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावावे. हळद, चुना, तेल, मिरची यांपैकी काहीही जखमेत भरू नये, घट्ट पट्टी बांधू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. त्वचा अखंड असेल आणि पिल्लाने नुसते चाटले असेल, तर काही करावे लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला असेल किंवा उघड्या त्वचेवर दात घासले असतील, तर लस घ्यावी लागते. रक्त आले असेल, किंवा आधीच्या जखमेवर, ओठांवर, डोळ्यांत लाळ लागली असेल, तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिद्रव्ये, जखमेत आणि तिच्या भोवती टोचावी लागतात.

ही लस पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची नव्हे. मेंढ्यांच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्या देशात 2004 च्या अखेरीस बंद झाली. तरी तिची दहशत आजही पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते आणि तिच्या भयाने माणसे दवाखाना टाळतात. आताची लस दंडात, लहान मुलांना मांडीत, स्नायूमध्ये देतात ती 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. त्वचेच्या थरात देतात ती 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांत ती मोफत मिळते. आणखी एक गैरसमज येथेच निस्तरतो: "आम्ही इंजेक्शन घेतलंय" असे सांगणाऱ्यांपैकी बरेच जण धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असतात. ते आवश्यक असेलही, पण त्याचा रेबीजशी काडीचा संबंध नाही.

चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, हे खरे. पण लस सुरू करून लक्ष ठेवायचे. लक्ष ठेवून मग लस सुरू करायची नव्हे. पिल्लू दहा दिवस ठणठणीत राहिले, तर उरलेल्या डोसांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. आणि या पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत पिल्लू दुर्दैवाने दगावले, तर "पार्व्हो झाला असेल" असे म्हणून ते घाईने पुरून टाकू नये. पशुवैद्याला कळवावे, शंका असल्यास मेंदूच्या नमुन्याची तपासणी करता येते. त्या घरात ज्यांना ज्यांना दात वा नख लागले होते, ज्यांच्या जखमेवर लाळ लागली होती, त्या सर्वांनी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. दुःखाच्या भरात मुलांच्या हातावरचे ओरखडे कोणाच्या ध्यानात राहत नाहीत, आणि धोका नेमका तेथे असतो.

ज्या घरात कुत्रे पाळायचे ठरले आहे, तेथील मुलांना रेबीजची प्रतिबंधक लस आधीच देऊन ठेवण्याचा विचार अवश्य करावा. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही घरात पाळीव प्राणी असलेल्या मुलांसाठी तसे सुचवते. अशा मुलाला पुढे कधी चावा बसला, तर दोनच डोस पुरतात आणि प्रतिद्रव्यांची वेदनादायक इंजेक्शने टळतात. पिल्लाचा पलंग, पट्टा आणि वाडगा यांवर जेवढा खर्च होतो, त्यापुढे हा खर्च फार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे वळतो. मुले ओरखडे लपवतात. वर जी आई हसून सांगते, ती निदान सांगते तरी. पुष्कळ मुले आईलाही सांगत नाहीत. याचे कारण मुलांचा निष्काळजीपणा नाही. घरात कोणीतरी, बहुधा थट्टेने, एकदा बोलून गेलेले असते, "चावलं ना, तर परत नेऊन देईन हं त्याला!" मोठे हे वाक्य विसरतात, सात वर्षांचे मूल विसरत नाही. त्याच्या मनात सरळ हिशेब मांडला जातो: सांगितले तर पिल्लू जाईल. मग मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला जातो. म्हणून पिल्लू आणण्याच्या दिवशीच मुलांना बसवून स्पष्ट शब्दांत सांगावे की, पिल्लाचा दात किंवा नख लागले तर लगेच येऊन सांगायचे. सांगितल्यावर तुला कोणी रागावणार नाही, पिल्लाला कोणी मारणार नाही आणि ते परतही जाणार नाही. हा शब्द मोठ्यांनी पाळला पाहिजे. पहिल्या ओरखड्याच्या वेळी आजोबांनी वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली, तर दुसरा ओरखडा आपल्याला कळणार नाही. रात्री झोपण्यापूर्वी हातपाय धुताना मुलांच्या हातांवरून आणि पायांवरून एकदा सहज नजर फिरवावी.

पिल्लू चावते, कारण हात नसलेला प्राणी जग तोंडानेच चाचपतो. शिवाय साडेतीन-चार महिन्यांपासून त्याचे दुधाचे अठ्ठावीस दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवत असतात. त्याला चावायला काहीतरी द्यावेच लागते. रबराची खेळणी द्यावीत, भिजवून गाठ मारून फ्रिजमध्ये गार केलेला सुती फडका द्यावा. जुनी चप्पल खेळायला देऊ नये, कारण जुनी आणि नवी यांतला भेद त्याला समजत नाही. हाताला दात लागताच हात झटकू नये. झटकलेला हात म्हणजे पळणारे भक्ष्य; खेळ अधिक रंगतो आणि ओरखडा लांबतो. हात सैल सोडावा, खेळ तेथेच थांबवावा, नजर वळवावी, आणि तरीही थांबले नाही तर उठून अर्धा मिनिट खोलीबाहेर जावे. दात लागले की मजा संपते, हे त्याच्या आईने दिलेले सूत्र आपण पुढे चालवायचे. हे दिवसातून दहा वेळा करावे लागते, आणि ते घरातील प्रत्येकाने करावे लागते. चौघांनी थांबवायचे आणि एका काकांनी मात्र "बघू, बघू कसा चावतोस!" म्हणत बोटे पुढे करायची, असे चालले तर पिल्लू त्या काकांचेच ऐकते.

मुलांसाठी याहून सोपा नियम आहे. पिल्लू अंगावर येऊ लागले की धावायचे नाही, किंचाळायचे नाही; हात छातीशी घडी घालून झाडासारखे उभे राहायचे. झाडाशी खेळण्यात पिल्लाला रस नसतो. ते खात असताना, झोपलेले असताना त्याला हात लावायचा नाही. गळ्यात पडून तोंडाला तोंड लावायचे नाही. लहान मुलांचे चेहरे कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असल्याने त्यांना चावे चेहऱ्यावर बसतात, आणि चेहऱ्यावरचा चावा रेबीजच्या दृष्टीने अधिक घातक असतो. सहा-सात वर्षांखालील मूल आणि पिल्लू यांना, ते कितीही गोड दिसत असले तरी, मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र ठेवू नये. स्वयंपाकघरातून कान देणे म्हणजे नजर नव्हे.

पिल्लू गुरगुरले तर त्याला मारू नये. गुरगुरणे हा उद्धटपणा नसतो, ती सूचना असते: मला हे नको आहे, मला भीती वाटते. मार देऊन गुरगुरणे बंद करता येते. भीती बंद करता येत नाही. मग ते कुत्रे पुढे सूचना न देता चावते आणि मालक चकित होऊन सांगतात, "आजवर साधं गुरगुरलंही नाही हो कधी!"

शी-शूचे शिक्षण हा घराघरांतील कलहाचा विषय असतो. वास्तविक त्यात फारसे गूढ नाही. पिल्लाच्या वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवावा. दिवसा ते फार तर तितके तास धरू शकते. दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास, आणि खेळात असेल तर अर्धा तासही नाही. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर त्याला ठरलेल्या जागी न्यावे. लशी पूर्ण होईपर्यंत खाली नेता येत नसल्याने फ्लॅटमधील लोकांनी बाल्कनीत किंवा न्हाणीघरात कागद अंथरून तीच जागा नेमावी. तेथे झाले की त्याच क्षणी, दोन सेकंदांच्या आत, कौतुक करून खाऊचा कण द्यावा. दिवाणखान्यात झाले तर गुपचूप पुसून टाकावे. त्यात नाक घासण्याची जुनी पद्धत निरुपयोगी आहे, कारण दहा मिनिटांपूर्वीच्या कृत्याशी पिल्लू शिक्षेचा संबंध जोडू शकत नाही. ते एवढेच शिकते की माणसांसमोर लघवी करणे धोक्याचे असते, आणि मग सोफ्यामागे जाऊन करू लागते. पुसण्यासाठी अमोनियाचा वास येणारे द्रव वापरू नये, पिल्लाला तो लघवीसारखाच वाटतो. उग्र फिनाइलही नको. पंजांना लागलेले ते चाटून पोटात जाते.

दिवसातील अठरा-वीस तास पिल्लाला झोप लागते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. शेजारपाजारची दहा मुले संध्याकाळभर त्याला हातोहात फिरवतात आणि रात्री आठनंतर ते वेड्यासारखे चावू लागले की "फार मस्तीखोर आहे" म्हणतात. ते दमलेले असते. त्याला माणसांच्या वर्दळीपासून दूर, जुनी गोधडी अंथरलेला एक कोपरा द्यावा आणि तेथे ते असताना त्याला कोणी हात लावू नये. पहिल्या काही रात्री ते रडणार. तो कोपरा आपल्या अंथरुणाजवळ ठेवला तर कमी रडेल. अंधाऱ्या बाल्कनीत कोंडून ते निबर होत नाही, भित्रे होते.

भित्रेपणाचा प्रश्न मोठा आहे. अमेरिकेत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी पिल्लांच्या वाढीचा प्रदीर्घ अभ्यास केला आणि 1965 साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यातून पुढे आलेली आणि नंतर सर्वमान्य झालेली गोष्ट अशी की, तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्याला ज्याला निर्धास्तपणे भेटते, ते जन्मभर त्याला परके वाटत नाही. ही खिडकी नंतर मिटू लागते. म्हणजे येथे एक पेच आहे: लशी पूर्ण नाहीत म्हणून बाहेर सोडायचे नाही, आणि बाहेरचे जग दाखवायचे तर आत्ताच. यावर उपाय म्हणजे कडेवर घेऊन फिरवणे. रिक्षा, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, छत्री, रेनकोट, शाळेच्या गणवेशातील मुले, भाजीवाल्याची आरोळी, हे सारे त्याने हातांच्या आधारावरून पाहावे. घरात कुकरची शिट्टी, मिक्सर, केरसुणी, दाराची घंटा यांची ओळख लांबून, थोडी थोडी, खाऊबरोबर करून द्यावी. दिवाळीच्या तोंडावर आणलेल्या पिल्लाची विशेष काळजी घ्यावी. पहिल्याच आठवड्यात कानाशी सुतळी बॉम्ब फुटला, तर ती धास्ती आयुष्यभर राहू शकते. माझा सल्ला विचाराल तर पिल्लू दिवाळी झाल्यावरच आणावे.

आज्ञा शिकवण्याची घाई नसावी, पण शब्द एकच असावा. आपल्याकडे घरात अस्खलित मराठी बोलणारी माणसे कुत्र्याशी मात्र इंग्रजीत का बोलू लागतात, हे मला न उलगडलेले कोडे आहे. दत्तप्रभूंच्या पायाशी बसलेल्या चार श्वानांना कोणी 'सिट' म्हटल्याचे ऐकिवात नाही! भाषा कोणतीही चालेल. परंतु बाबा 'सिट' म्हणतात, आई 'बस' म्हणते आणि आजी 'खाली बैस रे मेल्या' म्हणते, तर पिल्लाने काय समजावे? 'ये', 'बस', 'सोड' हे तीन शब्द आधी पुरेत. त्यांतला 'ये' हा शब्द रागावण्यासाठी, आंघोळीसाठी किंवा औषध पाजण्यासाठी कधीही वापरू नये. जीव वाचवणारा शब्द तो आहे. रस्त्यावर सुटलेले कुत्रे त्यानेच माघारी येते.

आहाराबाबत थोडक्यात. दूध-पोळीवर पिल्लू वाढत नाही. दूध पचवण्याची शक्ती कमी होत जाते आणि जुलाब होतात. चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, कांदा, लसूण आणि झायलिटॉल हा गोडवा घातलेले पदार्थ कुत्र्यांना विषारी असतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयब्युप्रोफेन, त्यांना मुळीच देऊ नयेत. आणि मटणाच्या दुकानातील कच्ची छाटण, काळजाचे व फुप्फुसाचे तुकडे, कधीही घालू नयेत. त्यातून एका बारीक पट्टकृमीची लागण कुत्र्याला होऊ शकते. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडून माणसाच्या पोटात गेली, तर काही वर्षांनी यकृतात किंवा फुप्फुसात मोठी पाण्याची गाठ तयार होते. शिजवलेले मांस द्यावे. शिजवलेली हाडे मात्र देऊ नयेत, ती फुटून टोकदार होतात.

जवळजवळ प्रत्येक पिल्लाच्या पोटात जंत असतात, कारण ते आईच्या गर्भातूनच येतात. पशुवैद्याने सांगितल्याप्रमाणे प्रथम दर पंधरा दिवसांनी आणि नंतर दरमहा सहा महिन्यांचे होईपर्यंत जंताचे औषध चुकवू नये. या जंतांची अंडी मातीत काही आठवडे मुरल्यावर माणसाला बाधतात, म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलावी, मुलांनी जेवणापूर्वी हात धुवावेत आणि पिल्लाने त्यांचे तोंड चाटू नये. घरात गर्भवती असेल तर "कुत्रं काढून टाका" असा सल्ला देणारे नातेवाईक हमखास भेटतात. गर्भाला अपाय करणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परोपजीवीची अंडी मांजरांच्या विष्ठेतून पडतात, कुत्र्यांच्या नव्हे. कुत्रे काढण्याची गरज नाही. मांस नीट शिजवावे, भाज्या धुवाव्यात आणि गर्भवतीने मातीत हात घालताना मोजे घालावेत.

ज्या घरात वृद्ध आहेत, तेथे मला रेबीजइतकीच आणखी एका गोष्टीची काळजी वाटते. पहाटे अर्धवट अंधारात न्हाणीघराकडे निघालेल्या आजींच्या पायांत पिल्लू घोटाळते आणि खुब्याचे हाड मोडते. रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा लावून ठेवावा आणि पिल्लाच्या गळ्यात घुंगरू बांधावे.

या साऱ्याला माणूस लागतो. हट्ट मुलांचा असतो, पण पहाटे तीनला कागद बदलणारी व्यक्ती बहुधा तीच असते जी पिल्लू आणायला नको म्हणत होती. आणण्यापूर्वी एका कागदावर कोण केव्हा उठणार हे लिहून काढावे. त्या कागदावर एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्या नावाच्या व्यक्तीची संमती घेतल्यावाचून पिल्लू आणू नये.

पशुवैद्य पिल्लाच्या लसीकरणाचे कार्ड देतात. त्यावर कुत्र्याच्या नावापुढे हल्ली घराण्याचे आडनावही लिहिलेले असते. ते कार्ड मुलांच्या लसीकरणाच्या फाईलमध्येच ठेवावे आणि मुलाला कोणत्याही कारणाने दवाखान्यात आणताना बरोबर आणावे. डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे की घरी पिल्लू आहे, इतक्या महिन्यांचे आहे, रेबीजची लस अमुक तारखेला झाली किंवा व्हायची आहे. कार्डावर पुढच्या डोसाची तारीख लिहिलेली नसेल, तर पशुवैद्यांकडून आजच लिहून घ्यावी.